आटली की सांगतो

२० मे, बुधवार. सकाळपासून कडक ऊन, वारा अजिबात नाही. दुपारी हर्सूलच्या बाजूला आभाळ भरून आलं आणि न पडताच निघून गेलं.

दूध सोडलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. लोक ते त्याच्या ताटात वाढतात. माझ्या डायरीत असे इतके साठलेत की वाटतं, मी जेवलो कमी आणि खुलासेच जास्त केले.

सुरुवात पिशोरला झाली, थोरल्या भावाच्या गोठ्यात. दादाची म्हैस चांदरी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदरी. तिचं रेडकू मेलं. दादानं त्याच्या कातडीत भुसा भरला आणि ते तिच्यापुढं उभं केलं. ती त्याला चाटू लागली, पान्हावली. वहिनींनी धार काढली आणि त्याच दुधाचा चहा माझ्या हातात दिला. मी कप तसाच खाली ठेवला. अंडी-मटण आधीच सुटलं होतं. त्या दिवसापासून दूध, दही, तूपही बंद.

पस्तावा नाही. जेवताना आता आत काही टोचत नाही, हे सुख लहान नव्हे, आणि ते मला चांदरीनं दिलं. म्हणून दादाकडून एक शब्द घेतला होता. ती आटली की बाजारात न्यायची नाही, मला सांगायचं. मरेपर्यंत तिला मी सांभाळीन.

"व्हय, आटली की सांगतो," दादा म्हणाला.

* * *

क्रांती चौकात आमच्या ऑफिसखाली शेखभाईंचा चहा. मी पहिल्यांदा बिनदुधाचा मागितला तेव्हा त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळा ग्लास आला. पांढराच!

"साब, दूध बिल्कुल नहीं डाला," शेखभाई छातीवर हात ठेवून म्हणाले. "पावडर डाला. आप के वास्ते खास."

मी ग्लास शेजारच्या टेबलावरच्या गायकवाडांकडं सरकवला. त्यांनी तो शांतपणे संपवला. म्हणाले, "तुमच्या व्रतानं आमचा रोज एक चहा वाढला. सोडू नका."

* * *

होळीला पिशोरला गेलो तर वहिनींनी माझ्या पुरणपोळ्या वेगळ्या ठेवलेल्या. वरून तुपाचा थेंब नाही. मी दोन खाल्ल्या, मनापासून वाखाणल्या आणि विचारलं, इतक्या मऊ कशा झाल्या?

"कणकंत तूप हाय ना," वहिनी हळूच म्हणाल्या. "वरून नाय घातलं भावजी. चारचौघांत तुमचा नेम मोडल्यावानी दिसाया नको."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मी तिसरीला नुसतं नको म्हणालो.

* * *

त्याच संध्याकाळी दादाच्या दोन्ही पोरांनी विचारलं, काका, तुम्ही दूध का सोडलं? मी रेडकाची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी. धाकटी पल्लवी उठून गोठ्यात गेली आणि बराच वेळ आली नाही. सकाळी दोघांनीही दुधाचे पेले परत केले.

दादा म्हणाला, "पाव्हणा येतो दोन दिस, अन् घर बिघडवून जातो." सगळे हसले. मीही.

सहा महिने ऑफिसात, लग्नात, नातेवाइकांत समजावत राहिलो होतो, कुणी ऐकलं नव्हतं. इथं एका रात्रीत दोघं! घरी येऊन डायरीत लाल शाईनं लिहिलं. इतका आनंद मला बढतीचाही झाला नव्हता.

* * *

गायकवाडांचा हर्सूलला मोकळा प्लॉट आहे, कोपऱ्यात पत्र्याचं शेड. चांदरीचं आज ना उद्या येणं ठरलेलं, म्हणून मी जागा मागितली.

"आणा की," ते म्हणाले. "तिला दूध नाही, तुम्हाला दूध नको. भांडण व्हायचं कारणच नाही."

परवाच्या रविवारी आम्ही दोघांनी शेड झाडलं, पाण्याची टाकी बसवली, कडबा रचला, खुंटा ठोकला. गायकवाड खुंट्याला हलवून बघत म्हणाले, हत्ती बांधा आता.

* * *

काल जागेचं सांगायला पिशोरला गेलो. गोठा रिकामा होता.

दादा म्हणाला, मागच्या बाजारी दिली. घेणारा कुठला, ठाऊक नव्हतं. व्यापारी होता, टेम्पो भरून पुढं गेला.

"दादा, शब्द दिला होतास."

"आटली की सांगतो म्हणलो होतो, आप्पा. आटली कुठं होती? लई दूध देत होती." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोरं पीत नायत. डेअरीला किटली पल्लवीच न्यायची, ती आता हात लावत नाय. आमा दोघांला किती लागतंय? मग ठिवू कोणासाठी?"

वहिनींनी चहा आणला. घरात दूध नव्हतं. तिघांचाही कोरा होता.