वीस फुटी डब्बा

कापसाची खाज ज्याला माहीत नाही, त्यानं आमच्या भागाच्या गप्पा करू नयेत. दिवाळीच्या आगेमागे वेचलेला कापूस भाव येईल म्हणून घरात भरून ठेवायचा आणि होळीपर्यंत अख्ख्या घरानं पाठ खाजवत बसायचं, हा आमच्या राळेगावकडच्या गावांचा त्या वर्षांतला नेम होता. भाव काही यायचा नाही. कापूस आढ्याला टेकायचा आणि माणसं अंगणात झोपायची. पाहुणा आला की आधी त्याची बिडी फाटकातच विझवायला लावायची, मग त्याला गाठोड्यावर बसवायचं. आज आठवलं की हसू येतं, जीव तिकडेच ओढतो. तेव्हा मात्र माझं डोकं सदा तापलेलं असायचं, कारण त्या कापसानं माझी जागा खाल्ली होती.

माझी जागा म्हणजे बैठकीच्या खिडकीखालचे चार हात. तिथं माझी शिलाई मशीन होती, माहेरून आणलेली, पायानं चालवायची. लग्नसराईत गावातले निम्मे ब्लाउज माझ्या हातून जायचे. त्या साली कापूस खिडकीपर्यंत आला आणि सासूबाईंनी मशीन उचलून गोठ्याच्या पडवीत नेऊन ठेवली. गोठ्यात शिवणकाम! तिसऱ्याच दिवशी बकरीनं एका नवरीच्या ब्लाउजची बाही खाऊन टाकली. नवरीची आई दारात येऊन जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. "आजपासून तुह्या हाती कपडा देत नाई," असं म्हणून ती गेली, आणि तिच्यामागं आणखी चार घरं गेली. मशीन बंद पडली असती तर मी त्या घरात नुसती भाकरी थापायला उरले असते. मला ते नको होतं. माझ्याजवळ तो एकच हुन्नर होता.

मी रोज आमच्या ह्यांच्या मागं लागायचे, "मले एक खोली पायजे." ते म्हणायचे, "भाव आला का बांधू." आतून सासूबाई ओरडायच्या, "कापसाले जागा नाई घरात, अन् हिच्या मशीनले खोली!" दोन्ही दीर खो खो हसायचे. आमचे हे मान खाली घालून तंबाखू मळत राहायचे. मला वाटायचं, हा माणूस आहे की मातीचं ढेकूळ?

मग एका हिवाळ्यात जेवता जेवता ह्यांनी जाहीर केलं, की पांढरकवड्याला हायवेवर जहाजावर माल भरायचे लोखंडी डब्बे विकायला आले आहेत, कापूस ठेवायला एक घेऊन टाकू. तूर बरी झाली होती, तिचे पैसे हातात होते. "घर मोकळं होईन, खाज जाईन. उंदीर नाई का पानी नाई," ते म्हणाले. कापसासाठी म्हटल्यावर सासूबाई लगेच तयार! मलाही आनंद झाला. कापूस हलला की माझे चार हात परत मिळणार होते. मी म्हटलं, मीही येणार पाहायला.

निघायच्या दिवशी सकाळी माझा शिवणाचा टेप सापडेना. पोरांनी खेळायला नेला असणार म्हणून दोघांनाही एकेक रपाटा दिला. ती "आमी नाई घेतला" म्हणत रडत राहिली. एसटी चुकेल म्हणून तशीच निघाले.

पांढरकवड्याला आमच्या ओळखीचे एक वेल्डिंगवाले चाचा होते. आमची ट्रॉली नेहमी तेच जोडून द्यायचे. त्यांना सोबत घेऊन आम्ही त्या डब्ब्यांच्या आवारात गेलो. एकावर एक रचलेले डब्बे, घराएवढे! एक नवाकोरा निळा होता, एकदाच माल घेऊन आलेला, दार उघडलं की रंगाचा वास. त्याची किंमत ऐकून आमचे हे नुसते हसले आणि पुढं सरकले. जुने डब्बे तपकिरी, पोचे आलेले, अंगावर परक्या देशाची अक्षरं. चाचा प्रत्येकाला हातोडीनं ठोकून कान लावायचे. आवाज भदभद आला की म्हणायचे, "सड गया है, आगे चलो."

एक वीस फुटी डब्बा त्यांना पसंत पडला. खाली लाकडाच्या फळ्या धड होत्या, दाराचं रबर शाबूत होतं, आत चहापत्तीसारखा वास येत होता. चाचा म्हणाले, "अब अंदर जाके दरवाजा बंद करो. अंधेरे में तारे दिखे तो मत लेना." म्हणजे पत्र्याला भोकं असतील तर बाहेरचा उजेड आत चांदण्यांसारखा दिसतो. जुना डब्बा घेताना असा अंधार पाहून घ्यायचा असतो. चाचा आणि आमचे हे आत गेले, आवारातल्या माणसानं बाहेरून कडी घातली.

मी उन्हात उभी. एक मिनिट झालं, पाच झाली, दहा झाली. आतून नुसती कुजबुज. शेवटी मी दारावर थाप मारली, "अवो, झोपले काय आत?" दोघं घामाघूम होऊन बाहेर आले. हे म्हणाले, "एकबी तारा नाई."

चार दिवसांनी डब्बा ट्रकवरून गावात आला आणि अख्खं गाव गोळा झालं. क्रेननं उचलल्यावर ह्यांनी हट्ट धरला, की दार रस्त्याकडे पाहिजे आणि पाठ कडुनिंबाच्या सावलीत. मी म्हटलं, "कापसाले काय ऊन लागून राह्यलं?" ते म्हणाले, "राहू दे नं." दिरांनी कापसाची गाठोडी उचलायला घेतली, तर ह्यांनी अडवलं. "पयले फरदड ठेवून पाहू," म्हणाले. फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा हलका कापूस, ज्याला कोणी विचारत नाही. मी मनात म्हटलं, एवढा मोठा डब्बा आणला, आणि भरताहेत काय तर फरदड!

आठ दिवसांनी दार उघडलं, तर वरून टपटप पाणी. पाऊस नाही, काही नाही. दिवसा तापलेला पत्रा रात्रीच्या थंडीत घामेजला होता. फरदड ओली, पिवळी पडलेली, कुबट वास मारणारी. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आता या डब्ब्याचं काय लोनचं घालतं काय रे?" आणि मी? माझा तर तोल गेला. सगळ्या गावासमोर मी नवऱ्याला येडा म्हटलं, बिनडोक म्हटलं. "तुरीचा पैसा पान्यात घातला! कापूस घरातच राह्यला, मी गोठ्यातच राह्यली! काहून नाई इचारलं कोनाले?" सासूबाईसुद्धा माझ्या बाजूनं बोलल्या, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. हे खाली मान घालून ऐकत होते. त्या ढेकळाकडे पाहून माझा आणखी भडका उडाला आणि मी ओरडले, "कापूस राहत नसन तं मीच जातो डब्ब्यात राहाले!"

ते एवढंच म्हणाले, "जाय."

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिले. निदान रिकामा तं नाई पडनार." तेवढ्यावर माझी मशीन डब्ब्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचा गॅस कटर घेऊन हजर! त्यांनी चार खिडक्या कापल्या आणि झडपा बसवल्या. ह्यांनी छपरावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, अंथरल्या, उन्हाळ्यात त्यावर पाणी मारायचं. आतून मी चुना मारला. बाहेरची परकी अक्षरं तशीच ठेवली.

काय दिवस होते ते! शेतात कापूस हसायचा आणि बाजारात रडवायचा, गावात कुणाच्या तोंडावर तेज नव्हतं. पण माझ्या डब्ब्यात दुपारी सहा-सहा पोरी शिवण शिकायला बसायच्या आणि हसून हसून लोखंड दणाणायचं. बकरीचं प्रकरण विसरून ती नवरीची आईसुद्धा आली, नातीचं झबलं घेऊन. एसटीचा कंडक्टर आमच्या फाट्यावर "चला, डब्बावाले उतरा" म्हणायचा. मी गावाची डब्बेवाली बाई झाले. आणि भांडण झालं की बारा वर्षं माझं एकच हत्यार होतं, "ज्याले डब्बा घेता येत नाई त्यानं मले शिकवू नये!" ते कधी उलटून बोलले नाहीत.

पुढं सासूबाई गेल्या, दीर वेगळे झाले. परवा चाचा आले, नातीच्या निकाहाचा कपडा घेऊन. वेल्डिंगनं डोळे अधू झालेत, काठी टेकत आले. मी गळ्यातला टेप काढून कापड मोजू लागले तर टेपाकडे पाहून हसले. "बेटी, वो टेप मिला था क्या बाद में?"

"कोन्ता टेप?"

"जो भाऊ लेके आया था. डब्बे में."

त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी अंधार तर दोन मिनिटांत पाहून झाला होता. मग ह्यांनी खिशातून माझा टेप काढला आणि बॅटरीच्या उजेडात मोजत बसले. मशीन कुठं, कापड कापायचा टेबल कुठं, खिडकी किती उंचीवर. चाचांनी आधीच बजावलं होतं, "इसमें कपास मत रखना, लोहा रात को रोता है." हे म्हणाले होते, "मले मालूम हाय. तुमी कटर तयार ठेवा. अन् घरी बोलू नका." तो टेप त्या दिवशी परतीच्या वाटेत ह्यांच्या खिशातून कुठं तरी पडला होता.

मी कापड तसंच टाकून ओट्यावर गेले. हे तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "तुमाले मालूम होतं? मंग मले सांगतलं काहून नाई? बारा वर्षं येडा म्हनून राह्यली मी तुमाले!"

त्यांनी शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. "मायले वाटलं असतं, बायकोसाठी आनला, तं तिनं उभा राहू देला नसता. तू खरंखुरं भांडली म्हनून तिले पटलं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुले भांडता येते. नाटक करता येत नाई."

पोरांना दिलेले ते दोन रपाटे आठवले. गावासमोर घातलेल्या शिव्या आठवल्या. या माणसानं त्या सगळ्या मला खोली मिळावी म्हणून गिळल्या होत्या, आणि मला लाज वाटली, फार वाटली. मी डब्ब्यात गेले, दार ओढून घेतलं आणि फळीवर बसून रडले. दार लावलं तरी आत उजेड होताच, चारही खिडक्यांतून.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेरून दारावर थाप पडली.

"अवं, झोपली काय आत?"