अप्पांसाठी नवाखा

बेसिंगस्टोकहून शेफील्डला जायचं तर वाटेत लंडन लागतं, आणि लंडनात शिरलं की माझी काहीतरी चूक झाल्याशिवाय राहत नाही. या खेपेस मी ट्यूबमध्ये उलट दिशेला बसलो. बरोबर स्टेशनवर पोचेपर्यंत माझी ट्रेन निघून गेली होती. पुढच्या ट्रेनमध्ये टॉयलेटच्या दाराशी उभा राहून मी नोव्हेंबर पाहिला. इंग्लंडमधला नोव्हेंबर पाहायला खिडकी लागत नाही, तो डब्यातही असतो. ओले कोट, वाफाळलेल्या काचा आणि एकमेकांकडे न बघणारी माणसं.

या प्रवासाचं मूळ माझ्या सासऱ्यांत आहे. अप्पा लेस्टरच्या हॉस्पिटलात सर्जन होते. तरुणपणी ते आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बसच्या टूरने स्पेनला गेले आणि तिथून त्यांनी एक नवाखा (घडीची लांब, बाकदार सुरी) आणली. तेव्हापासून जेवणानंतर फळ कापायचं काम अप्पांचं. दुसऱ्याने कापलेलं फळ ते खात नाहीत. "दुसऱ्याने घातलेले टाके आणि दुसऱ्याने कापलेलं फळ, दोन्ही बघवत नाहीत," असं म्हणायचे.

गेल्या वर्षी भारतात जाताना ती सुरी हॅन्डबॅगेत राहिली आणि विमानतळावर तिच्यावर पाणी सोडावं लागलं. त्याच सुमारास अप्पांच्या हातांना कंप सुटला. फळ कापणं थांबलं, आणि खाणंही. कुणी विचारलं की म्हणत, "या किचनमधल्या सुऱ्या म्हणजे पत्रे. माझी सुरी असती तर कापलं असतं."

माझी बायको गौरी या वाक्याला धरून बसली होती. सुरी मिळाली की बाबा पुन्हा कापतील. दुकानातली आणून दिली असती तर काम झालं असतं, पण मला जावई म्हणून चमकायचं होतं. शेफील्डला पूर्वापार सुऱ्या करतात आणि तिथे डोरीन नावाची एक बाई वीकेंडला नवाखा करायला शिकवते, हे कळल्यावर मी कोणालाही न विचारता नाव घालून मोकळा झालो. हातात आजवर मी माउसपेक्षा जड हत्यार धरलेलं नव्हतं.

डोरीनचं वर्कशॉप कालव्याकाठी, बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या खोलीत होतं. आर्ट कॉलेजातली नोकरी संपल्यावर तिने हे सुरू केलेलं. तिथल्या रिवाजाप्रमाणे ती सगळ्यांना 'लव्ह' म्हणते. सकाळच्या चहापर्यंत तिने मला जितक्या वेळा लव्ह म्हटलं, तितक्या वेळा गौरीने लग्नापासून म्हटलं नसेल. मात्र डोरीन ते म्हणायची तेव्हा माझ्या हातून हमखास काहीतरी बिघडलेलं असायचं.

"लव्ह, कानशीने घासायचं पातं. टेबल नाही."

सुरुवातीलाच तिने विचारलं, "सुरी कुणाच्या हातासाठी?"

"सर्जनच्या," मी ऐटीत म्हणालो.

"मऊ स्प्रिंगची, लॉक न होणारी करू या का? उघडायला सोपी. लॉक होणारी सुरी या देशात खिशात घालून फिरता येत नाही."

"मऊवालीचा आवाज होतो?"

"नाही. आवाज दात्यांचा असतो. पातं उघडताना पाठीची स्प्रिंग एकेका दात्यावरून घसरते, त्याचा."

"मग दात्यांचीच. त्यांना तो आवाज आवडतो."

"स्प्रिंग कडक लागेल. जमेल त्यांना?"

"चाळीस वर्षं ऑपरेशनं केलीत त्यांनी," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि त्या हिशेबाने स्प्रिंगची पट्टी काढली.

मग मी पातं कापलं, घासलं आणि भट्टीत घातलं. ते लालभडक झाल्यावर तेलात बुडवायचं होतं, मी ते आधी बुटावर बुडवलं. बूट गेला, पाय वाचला. दुपारी तिने चिप बटी (पावात घातलेले तळलेल्या बटाट्याचे जाड काप) खाऊ घातली. वडापाव परदेशात मेला तर त्याचं असं भूत होत असणार. बाहेर पावसाने कालवा आणि आकाश एकाच रंगाचं करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑलिव्हच्या लाकडाची मूठ बसवली, पितळेच्या खिळ्या ठोकल्या. सुरी जरा एका अंगाला कलली होती, तिच्या कर्त्यासारखी. पण उघडली की कर्र, कर्र, कर्र आवाज असा यायचा की मी ती उघडतच बसलो. अंगठ्याला फोड आला तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

डोरीनने सुरी डब्यात घालून डबा बॅगेच्या तळाशी कोंबला. "सरळ घरी ने. कुणी विचारलंच तर कोर्सहून येतोय म्हण." ट्रेनमध्ये दर स्टेशनानंतर घोषणा होत होती, संशयास्पद काही दिसल्यास कळवा. मी इतका निरागस चेहरा करून बसलो की समोरच्या बाईंनी जागा बदलली.

लेस्टरला उतरून बेलग्रेव्ह रोडवर पेरू घेतले आणि घरी गेलो. अप्पा हीटरजवळ बसले होते, हात शालीखाली.

"काय हेमंतराव, स्टीलचा कारखाना काढलात म्हणे?"

"कारखाना नाही अप्पा. एकच नग."

त्यांनी नवाखा हातात घेतली, मूठ नाकाशी नेली, पात्याची पाठ दिव्याकडे धरून पाहिली. "डावीकडे गेलीय," म्हणाले. पण चेहरा खुलला होता. आईंनी न सांगता बशी आणि पेरू पुढे ठेवला.

अप्पांनी पात्याला अंगठा लावला. सुरी हलली नाही. दुसऱ्या हाताने मूठ आवळायला गेले तेव्हा दोन्ही हात थरथरायला लागले. एकदा कर्र वाजलं. पातं बोटभर उघडलं आणि खटकन मागे बसलं.

"नवी आहे ना, स्प्रिंग कडक आहे," मी घाईघाईने म्हणालो. "चूक माझी. मऊ करून आणतो."

"चांगली बसलीय. स्प्रिंगला हात लावू नका." त्यांनी सुरी आईंपुढे धरली. "तुला उघडतेय का बघ."

आईंनी जन्मभर पोळ्या लाटलेल्या मनगटांनी ती एका दमात उघडली. तिन्ही दाते वाजले. पेरू कापून, बिया काढून, मीठ लावून त्यांनी फोड पुढे केली. अप्पा फोडीकडे बघत राहिले. मग ती त्यांनी तोंडात घातली आणि बराच वेळ चावत होते.

"जाड कापलास," एवढंच म्हणाले.

"तुम्हाला काय, पातळच लागतं," आई म्हणाल्या आणि दुसरी फोड पातळ कापली.

परतीच्या ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली आणि विचार करायला वेळही. वर्षभर अप्पांचे हात चांगले होते, फक्त सुरी नव्हती. मी हौसेने सुरी करून नेली आणि त्यांच्यापाशी उरलेली एकुलती एक सबब काढून घेतली.

बेसिंगस्टोकला दार उघडल्याबरोबर गौरीने विचारलं, "कापलं बाबांनी?"

खोटं बोलायची तयारी मी वाटेत केली होती, ती फुकट गेली. "आईंनी कापलं," मी म्हणालो. "बाबांनी खाल्लं."

तिने माझी बॅग घेतली, कोट घेतला, आणि तो खुंटीला न लावता तसाच छातीशी धरून उभी राहिली.