वाचनालयातल्या तीनशे फरशा

बावीस वर्षं ती भावाच्या हाताखाली कार्पेटखालच्या जमिनी तयार करत आली. हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक फरशी ठोकून बघायची, म्हणून नाव पडलं ठकठकताई. या वेळी मात्र वाचनालयाने मुलांच्या खोलीचं काम थेट तिलाच दिलं. तिच्या नावावरचं हे पहिलंच. अट एकच: चार वाजता कार्पेट येईल तेव्हा जमीन तयार हवी, नाहीतर काम दुसऱ्याकडे.

सकाळी सातलाच ती गुडघ्यांवर बसली. खाली काँक्रीट, वर चाळीस वर्षांच्या फरशा. ठक, ठक, ठप्प. “सापडली!” ठप्प म्हणजे खाली पोकळ. तीनशेपैकी अशा सतरा निघाल्या. त्या तिने छिन्नीने उचकटल्या, खड्डे लवकर सुकणाऱ्या मसाल्याने भरले, उंचवटे घासले, धूळ काढली. बाराला सगळं तयार! ती डबा खायला बाहेर गेली.

तेवढ्यात भाऊ आला. बहिणीचं पहिलं काम म्हणून स्वारी भलतीच खुशीत. ती परतली तेव्हा हा बादली घेऊन खोली पुसत होता.

“दादा! हे काय केलंस?”

“चकाचक केली! तुझी वहिनी रोज म्हणते, एकदा तरी लादी पुसा.”

“मग आजच बरी आठवण झाली! सांध्यांत पाणी गेलं की. आता कार्पेटचा गोंद धरेल?”

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. काँक्रीटची ओल तिने आदल्या दिवशीच तपासली होती, ते कोरडं होतं. प्रश्न फक्त या बादलीचा होता. तिने खिडक्या उघडल्या, चार पंखे लावले. दादा चिंधी घेऊन सांधे टिपत सुटला. मग तिने तीन ठिकाणी प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवले. ओल असली तर आतून दव धरतं. दोनला तिन्हींवर दव. तीनला एकावरच, खिडकीखालच्या. पंखे तिकडे वळवून तिने नवा तुकडा लावला.

चारला टेम्पो दारात. ग्रंथपालबाईंनी खाली बसून तुकडा सोलला, आतून बोट फिरवलं.

“कोरडं आहे.”

टेम्पोवाल्याने सवयीने दादाला विचारलं, “घेऊ का आत?”

“मला काय विचारतोस? काम ताईचं आहे.”

“घ्या आत!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की शेजारच्या खोलीतले चार वाचक उठून दारात आले.