दोधू मिस्त्रीचा कापूस

शहाद्याहून लोणखेड्याकडे जाताना दोधू मिस्त्रीचं गॅरेज लागतं. त्याला लागूनच माझी पिठाची गिरणी. त्याच्याविषयी लिहायला मी योग्य माणूस आहे, असं काही मला वाटत नाही. पण झालं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

गाडीचा दोष इंजिन उघडल्याशिवाय सांगायचा नाही, ही दोधूची रीत. गिऱ्हाईक कितीही घाई करो, तो "उघाडीसन सांगसू" एवढंच म्हणे. त्याला आणखी एका गोष्टीचा अभिमान होता. सुटे भाग पुसायला तो चिंधी वापरत नसे. घरच्या शेतातला कापूस त्याची बायको रूपलीबाई सरकी काढून पिशवीत भरून देई. चिंधीत माती असते, आपला कापूस दुधासारखा, असं तो येईल त्याला सांगे.

कापडवाले हीरालाल शेठ यांचा मुलगा अंकित याने जुनी जीप घेतली होती. तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन आणि वर मोठा टर्बो बसवायचा, म्हणजे ताकद दुपटीच्या वर जाणार. डोंगरातल्या गाड्यांच्या शर्यतीत त्याला उतरायचं होतं. शेठजींना हा नाद पसंत नव्हता. पोरगा गाडी सांभाळेल तोवरच, असं त्यांनी बजावलं होतं. दोधूने दोन महिने खपून इंजिन बांधलं. एवढं मोठं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

पहिल्याच चढावर इंजिन बसलं. जीप ओढून आणली. दोधूने वरचं हेड काढलं तर तिसऱ्या पिस्टनच्या नळकांड्याच्या भिंतीवर खोल ओरखडे. शेठजी तिथेच उभे, रस्त्यावरचे चार लोक जमलेले, आणि सगळे दोधूच्या तोंडाकडे बघत होते. अर्धंच इंजिन उघडलं होतं. तरी तो बोलून गेला, "थंडं इंजिन रेटं पोऱ्यानी. तेल चढाले टाइम नही दिधा."

अंकित सांगत राहिला की मी गाडी चांगली गरम करून मगच काढली. कोणी ऐकलं नाही. एकाने तर हसून, आजकालच्या पोरांना चहा गरम लागतो, इंजिन थंड चालतं, असं म्हटलं. शेठजींनी तिथेच जीपची किल्ली मागून घेतली. रविवारी विसरवाडीचा एक माणूस जीप विकत न्यायला येईल, असं सांगून ते निघून गेले. माझ्या मनात आलं होतं, इंजिन थंड असतं तर चारही पिस्टनना लागलं असतं, एकालाच कसं? पण मी गिरणीवाला. गिरणीकडे वळलो.

जीप विकण्याआधी इंजिन जोडून द्यायचं म्हणून दोधूने ते पूर्ण उघडलं. अशा ताकदीच्या इंजिनात पिस्टन फार तापतो, म्हणून प्रत्येकाखाली एक बारीक नळी असते, ती खालून तेलाची धार मारते. दोधूने एकेका नळीत हवा फुंकली. तिसरीतून हवा येईना. सुई घालून उकरलं तेव्हा काळा पडलेला एक पुंजका बाहेर आला. त्याने तो पेट्रोलमध्ये धुतला आणि तळहातावर घेतला. कापूस होता.

इंजिन बांधताना त्याने तारेला कापूस गुंडाळून तेलाच्या वाटा पुसल्या होत्या. आजवरच्या गाड्यांत एवढ्या बारीक नळ्या नव्हत्या, म्हणून आजवर खपलं. मी चहा नेला, तो तसाच निवला. रूपलीबाई जेवायला बोलवायला आली, तर तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

शनिवारी बाजाराचा दिवस. त्याने मला सोबत यायला सांगितलं. शेठजींच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, अंकित गाठोडी सोडत होता. दोधूने कागदाची पुडी गल्ल्यापुढे उघडली.

"शेठ, तुमना पोऱ्याना काही दोष नही. चूक मन्ही शे."

त्याने सगळं सांगितलं. गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली. शेठजी हलक्या आवाजात म्हणाले, "दोधूभाऊ, हे घरी येऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"दोष चार लोकेस्ना समोर दिधा व्हता, शेठ."

शेठजींनी गल्ल्यातून किल्ली काढून अंकितपुढे ठेवली. अंकितने ती लगेच उचलली नाही. आधी त्याने पुडीतला पुंजका बघितला, मग दोधूला म्हणाला, "काका, मी सांगत होतो ना." दोधूने मान हलवली. इंजिन तुम्हीच बांधा, पण प्रत्येक भाग बसवताना मी समोर बसेन, असं अंकितने सांगितलं, आणि दोधूने ते मान्य केलं.

जीप आता चांगली चालते. पण अंकित गॅरेजवरून निघताना आधी इंजिन चालू करतो, खाली उतरतो आणि बोनेटला टेकून उभा राहतो. इंजिन गरम व्हायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसलं पाहिजे. तो उभा असेपर्यंत दोधू हातातला पाना खाली ठेवतो आणि मान वर करत नाही.