सतराव्या प्रश्नापुढची खूण

माझी थोरली वहिनी उजव्या डोळ्यानं तक्त्यावरच्या तिसऱ्या ओळीपर्यंतच्या खुणा ओळखते. त्याखाली तिला पांढरट दिसतं. दोन वर्षांपूर्वी याच डोळ्यानं ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. या फरकातला माझा वाटा किती, हे मी बरेचदा मांडून पाहिलं आहे. उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं, पण शून्य कधीच येत नाही.

आळेफाट्याच्या अलीकडे भाड्याच्या चार खोल्यांत डोळ्यांच्या संशोधनाचं एक लहान केंद्र आहे. तिथं मी काम करतो. शेतात डोळ्याला इजा होऊन बुबुळाला जखम झालेली माणसं जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून आमच्याकडे येतात. काही नारायणगावच्या बाजारातून जीपनं, काही डोंगराकडच्या गावांतून घोडेगावला बस बदलून. डॉक्टरबाई तपासतात, जखमेवरचा कण काचपट्टीवर घेतात. मी आलेल्या माणसाचा फॉर्म भरतो आणि ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. आम्ही मुख्यतः शोधतो तो अमीबा. साठलेल्या पाण्यात, चिखलात राहणारा एकपेशीय जीव. डोळ्याला ओरखडा असेल तर तो आत शिरतो आणि बुबुळ खात बसतो. सुरुवातीला तो दुसऱ्याच रोगासारखा दिसतो, त्यामुळं चुकीचं औषध सुरू होतं आणि वेळ जातो.

फॉर्म चार पानांचा, प्रश्न बेचाळीस. सतरावा प्रश्न असा: इजा झाल्यावर डोळा कशानं धुतला? पुढं चौकटी: नळ, विहीर, शेततळे किंवा ओढा, इतर, धुतला नाही. ‘शेततळे किंवा ओढा’वर खूण असली तरच अमीबा वाढतो का ते पाहायची वेगळी बशी लावायची, असा नियम. बशा पुण्याहून मोजून येत, सगळ्यांना पुरत नसत.

साठलेल्या पाण्याचा धोका गावोगाव समजावून सांगायचं कामही माझंच होतं. बचत गटाच्या बैठकीत, सोसायटीच्या ओट्यावर, शाळेत. त्या वर्षी मी अकरा ठिकाणी उभा राहून सांगितलं होतं, “डोळ्यात काही गेलं तर साठलेलं पाणी मारू नका. शेततळ्याचं तर मुळीच नको.” आमच्या गावातल्या बैठकीत वहिनी पुढच्या रांगेत होती. थोरला भाऊ मागून म्हणाला होता, “आमच्या घरात बी डॉक्टर हाय राव. अर्धा.” सगळे हसले. मीही हसलो, आणि मनातून खूश झालो.

पुढच्याच मे महिन्यातली गोष्ट. रविवार होता. आमच्या टोमॅटोची बांधणी चालली होती. बांबू रोवून झाले होते, तार ओढून झाली होती, वहिनी आणि दोन बायका सुतळीनं झाडं तारेला बांधत होत्या. मी ड्रिपचा फिल्टर धुऊन नुकताच परत बसवला होता. तेवढ्यात वहिनी ओरडली. सुतळी ओढताना तारेचं मोकळं टोक सुटून डोळ्यावर बसलं होतं.

डोळ्यात माती होती, रक्त नव्हतं. घर वीस मिनिटांवर. प्यायच्या पाण्याची कळशी बायकांनी संपवलेली. मी तिला फिल्टरपाशी बसवलं, कॉक उघडला आणि ओंजळीनं तिचा डोळा धुतला. एकदा नाही, सात-आठ ओंजळी.

ती म्हणाली, “भावजी, तळ्याचं पानी हाय न्हवं ह्ये?”

“फिल्टरमधून आलंय, वहिनी. आत्ताच धुतलाय मी.”

“तुमीच सांगत व्हता मिटिंगीत.”

“ते उघड्या तळ्याचं. हे गाळलेलं. धरा डोळा उघडा.”

तिनं धरला.

आमच्याकडं ड्रिप असलेला कुठलाही माणूस हेच करतो. काय बाहेर आलं यावरून आपण फिल्टरची पारख करतो. शेवाळ अडकतं, गाळ अडकतो, पाणी काचेसारखं दिसतं. उन्हात पोरंसुद्धा त्या कॉकला तोंड लावतात. पण मला आकडे माहीत होते. त्या फिल्टरची चाळणी एकशे तीस मायक्रॉनची. कवचातला अमीबा साधारण पंधरा मायक्रॉनचा. एक आकडा मला ड्रिपच्या दुकानदारानं सांगितला होता, दुसरा मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होतो. एका भोकातून आठ अमीबा खांद्याला खांदा लावून जातील, हा भागाकार मी त्या दिवसापर्यंत केलेला नव्हता.

सहाव्या दिवशी डोळा लाल झाला आणि पाणी गळू लागलं. मी तिला स्कूटरवर बसवून केंद्रावर नेलं. फॉर्म मीच भरला. नाव, वय, गाव, कामधंदा, हे विचारायची गरज नव्हती. सोळा प्रश्न भराभर झाले. सतराव्याला पेन थांबला. डॉक्टरबाई माझ्या खुर्चीमागं उभ्या होत्या, वहिनी समोर बाकावर. मला वाटलं, बाई म्हणतील, गावोगाव सांगणारा हा माणूस शेततळ्यावर खूण करतोय, तेही घरच्या बाईच्या फॉर्मवर, आणि धुणारा कोण तर स्वतः हाच. मग वाटलं, फिल्टरचं पाणी म्हणजे काही शेततळं नव्हे. फॉर्मात फिल्टरची चौकट नाही, तर जवळची कोणती? मी ‘नळ’वर खूण केली आणि मोठ्यानं म्हणालो, “नळाच्या पाण्यानं धुतला.”

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. चांगल्या डोळ्यानं. मग दुखऱ्या डोळ्यावर पदर धरला.

काचपट्टीवर काही दिसलं नाही. बुबुळावरची रेघ फांदीसारखी होती. डॉक्टरबाईंनी विषाणूचा आजार धरून औषध सुरू केलं. फॉर्मावर ‘नळ’ होतं, त्यामुळं अमीबाची बशी लावली नाही. त्या माहितीवर दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलो आहे. ते खरंही आहे. ती माहिती मी दिलेली होती, हेही तितकंच खरं आहे.

पुढचे दोन आठवडे मी लिहू नयेत असे आहेत. वहिनी दार लावून डोक्यावरून पदर ओढून बसायची. उजेड सहन होत नव्हता. भाऊ चहा घेऊन जायचा तर म्हणायची, “कपबशीचा आवाज बी डोळ्यात जातोय.” टोमॅटो सुरू झाले आणि तोडायला बाहेरची माणसं लावावी लागली. तिच्या वाटची कामं माझ्या बायकोवर पडली. तिनं एकदा मला विचारलं, “तुमच्या तिथं एवढी मशिनं हाईत, मग कळंना कसं?” मी म्हणालो, “वेळ लागतो.” केंद्रावर डॉक्टरबाई दर तपासणीला म्हणायच्या, “दिसतंय त्या मानानं दुखणं फार आहे.” हे वाक्य अमीबाच्या प्रकरणात मी निदान दहा वेळा ऐकलं होतं. मला कळत होतं. कळत असून मी रोज काचपट्ट्या पाहत होतो आणि आकडे रकान्यांत नीट भरत होतो.

इजेनंतर विसाव्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, “उद्यापासून सूज उतरवायचे थेंब सुरू करू.”

ते थेंब विषाणूच्या काही रुग्णांना बरे. अमीबा असेल तर मात्र त्याला मोकळं रान मिळतं. मी दरवाजात उभा होतो. म्हणालो, “बाई, एक राहिलं सांगायचं. वहिनींना काल आठवलं. पाणी शेततळ्याचं होतं.”

फॉर्म भरल्यापासून चौदा दिवस झाले होते. चौदा दिवसांनी मी खरं बोललो, आणि तेही अर्धंच.

डॉक्टरबाईंनी त्याच तासाला पुन्हा कण घेतला आणि बशी लावली. या बशीत खळीसारखा पातळ थर असतो आणि त्यावर जिवाणू पसरलेले असतात. अमीबा असेल तर तो जिवाणू खात पुढं सरकतो आणि मागं वाट उमटते. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढ्या होत्या. हिरव्या वावरातून कळप गेल्यावर मागं जशी पट्टी दिसते, अगदी तशी. तिसऱ्या दिवशी मी बशी भिंगाखाली धरली. अशा पाच पट्ट्या होत्या. मी पुन्हा मोजल्या. पाचच.

नियमाप्रमाणं फॉर्मातली चूक खोडायची नसते. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि दुरुस्तीचं कारण. मी ‘नळ’वर पट्टी धरून सरळ रेघ मारली, ‘शेततळे’वर खूण केली, सही केली. कारणाच्या जागी लिहिलं: ‘रुग्णाने माहिती उशिरा दिली.’ अक्षर चांगलं आलं होतं.

त्याच दिवशी वहिनीला बोलावून डॉक्टरबाईंनी औषध बदललं. तासातासाला थेंब, कित्येक आठवडे. आणि मग त्या रागावल्या. त्यांचा राग काळजीतून आलेला होता.

“ताई, पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? तुमच्या घरातला माणूस गावोगाव हेच सांगत फिरतो. चौदा दिवस गेले. डोळा गेला असता तुमचा.”

मी फाइली लावत होतो. माझी पाठ त्यांच्याकडं होती.

वहिनी म्हणाली, “चुकलं बाई माझं. अडानी मानूस. ध्यानात ऱ्हायलं न्हाई.”

मी वळलो नाही. आजही ती फाइलींची थप्पी माझ्या हाताला आठवते. त्या नऊ होत्या, आणि मी त्या गरज नसताना दोनदा लावल्या.

घरी येताना तीच म्हणाली, “पोटापान्याची जागा हाय तुमची. मी कशाला तोंड उघडू?” म्हणजे पहिल्या दिवसापासून ती जाणूनबुजून गप्प होती. दुखण्यात, अंधारात, माझी नोकरी जपत. मला वाटलं होतं, त्या खुणेनं काय फरक पडतो हे तिला कळलं नसेल.

मी थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. रकाने आखले. एकही वेळ चुकू दिली नाही. लोक म्हणाले, दीर असावा तर असा. भाऊ तर पाहुण्यांना तो कागद दाखवायचा.

डोळा वाचला. डाग राहिला.

यानंतर वर्षभरानं अहवाल लिहायला घेतला. डॉक्टरबाई सांगत होत्या, मी टाइप करत होतो. उशिरा निदान का होतं, या भागात त्यांनी एक वाक्य सांगितलं: ‘काही रुग्ण पाण्याबाबत सुरुवातीला चुकीची माहिती देतात.’ मग मला विचारलं, “असे किती झाले?”

मी फॉर्म काढले. सतराव्या प्रश्नावर रेघ असलेले सात. सातव्यावर माझी सही आणि माझं ते सुंदर अक्षर. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासत आलो. बँकेच्या पासबुकातली चूक मी खिडकीवर जाऊन दाखवली आहे. आणि इथं एक खोटा आकडा माझ्या हातून छापला जाणार होता, ज्यात माझी वहिनी खोटं बोलणारी बाई म्हणून कायमची मोजली जाणार होती.

मी म्हणालो, “सात. पण एक खोटा आहे.” आणि सगळं सांगितलं. फिल्टर, ओंजळ, चौकट, कारणाचा रकाना. सांगायला चार-पाच मिनिटं लागली असतील.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. सातही फॉर्म स्वतःकडं ओढले. मग म्हणाल्या, “उरलेले सहा कुणी भरले?”

“चार मी. दोन माझ्याआधी इथं होती त्या मुलीनं.”

“त्या चार जणांना तुम्ही प्रश्न विचारला होता? की ओळखीचे होते म्हणून न विचारताच भरलं?”

एक आळे गावचा होता, आमच्या पाहुण्यांतला. त्याच्या घरी नळ आहे हे मला माहीत होतं. मी विचारलं होतं की नाही, खरंच आठवत नव्हतं.

“ते वाक्य काढा,” त्या म्हणाल्या. “आणि ताईंना घेऊन या.”

मला वाटलं, चौकशी असेल. कामावरून काढतील, तेही योग्यच होतं. काढलं नाही. फॉर्म भरायचं काम तेवढं माझ्याकडून काढून घेतलं. ते अजून परत दिलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही.

वहिनी आली. नवं लुगडं नेसून आली होती, तपासणी आहे असं समजून. डॉक्टरबाई खुर्चीवरून उठल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “ताई, त्या दिवशी मी तुम्हाला उगाच बोलले. चूक तुमची नव्हती. मला माफ करा.”

वहिनी गडबडली. “अवो बाई, असं काय करता? बसा, बसा तुमी.” मग माझ्याकडं एकदा पाहून म्हणाली, “आमच्या घरातलंच व्हतं ते.”

परतीला फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती. स्कूटर पाऊल पाऊल चालली होती. मागून तिचा आवाज आला, “भावजी, त्या बाईनं माफी मागितली. तिचा काय संबंध व्हता का?”

“नव्हता.”

“आन् तुमी?”

दीड वर्ष होत आलं होतं. वेळापत्रक लावलं होतं, औषधं आणली होती, तपासणीला प्रत्येक वेळी नेलं होतं. तेवढंच करायचं राहिलं होतं. मी हेल्मेटमधूनच म्हणालो, “वहिनी, मला माफ करा.”

शेजारच्या ट्रकानं हॉर्न दिला.

“काय म्हनालात?”

मी गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं, मागं वळलो आणि परत म्हणालो. तिचा तो डोळा माझ्याकडं होता. मधोमध पांढरा ठिपका, मसुराएवढा.

“बरं,” ती म्हणाली. “चला आता. म्हशीला पानी दावायचं ऱ्हायलंय.”