हळकुंडांची बोटं

“बाई, हळद निघाली. सांगलीला आमीच नेणार. तुमी या,” असा तानूचा निरोप साताऱ्याला पोचला आणि मी वळकटी बांधली. लग्नाआधी तानू माझ्या शिवणवर्गात यायची. आता तिचा नवरा पलटणीबरोबर परमुलखात होता आणि लढाई संपायचं नाव घेत नव्हती. पलूसजवळच्या आपल्या गावी तिनं चार शेजारणींना घेऊन जमिनीचा एक पडीक तुकडा खंडानं कसायला घेऊन त्यात हळद लावली होती.

सातारा रोड स्टेशनपर्यंत मोटार मिळते, पण पेट्रोलअभावी ती कोळशाच्या गॅसवर चालते. चढावर उतरून चालायची तयारी ठेवा. पुढं भिलवडीपर्यंत आगगाडी. डबा शिपायांनी भरलेला असतो, म्हणून पाण्याचा तांब्या आपला आपण बाळगावा.

तानूच्या खळ्यावर बायका गोणपाटात हळकुंडं घासत होत्या. साऱ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. भाकरी, खर्डा आणि ताक घेऊन मी तिथंच बसले. तेवढ्यात तानूचा दीर आला. गाडीबैल त्याचे होते.

“वयनी, गाडी देतो. पर बाजारात हात माजा जाईल. तुमी बाया गाडीत बसून ऱ्हावा.”

“आवं भावजी, घासताना कुटं हुता तुमचा हात?” तानू म्हणाली. बायका खो खो हसल्या.

हसून झाल्यावर तिनं मला सारं समजावलं. सांगलीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली व्यापारी विकणाऱ्याची बोटं धरतो आणि जितकी बोटं, त्यावरून भाव ठरतो. परक्या बाईचा हात कोण धरणार? आणि भाव दिरानं ठरवला की हळद त्याची. मग पुढच्या साली तो तुकडा कुणी कसायचा, हेही तोच ठरवणार.

पहाटे निघालो. येरळा नदीच्या वाळूत चाक रुतलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी उतरून गाडी ढकलायला लागलो. हळदीच्या पोत्यांना खांदा लावून माझी पांढरी साडी तिथंच पिवळी झाली.

बाजारात हळदीचा वास नाकात झोंबत होता. व्यापाऱ्यानं मूठभर हळकुंडं दगडावर आपटली, खणखणीत आवाज ऐकला आणि रुमाल झटकला. “मालक कोण?”

दीर पुढं सरला. तानू त्याच्या आडवी झाली. “मी.”

“बाई, घरचा माणूस बोलवा. आमचीही काही रीत आहे.”

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला हस्तांदोलन कसं करावं ते शिकवलं होतं. हातमोज्यांसकट. त्या हातमोज्यांची मला त्या क्षणी फार आठवण आली. तानूला मात्र तसल्या कशाची गरज नव्हती. तिनं पोत्यातून पाच लांब हळकुंडं काढली, एका टोकाकडून मुठीत धरली आणि मूठ रुमालाखाली घातली.

“ही माजी बोटं. धरा.”

आजूबाजूचे हमाल थांबले. व्यापाऱ्यानं एकदा दिराकडं पाहिलं, मग रुमालाखाली हात घातला. हळकुंडांना एक ओढ, म्हणजे त्याचा पहिला भाव. तानूनं मान हलवली, “न्हाई.” दुसरी ओढ. “न्हाई, अजून.” तिसऱ्या ओढीला तो हसला. “बाई, लय घट्ट धरता!”

“पिकवलीय मी,” ती म्हणाली आणि रुमाल बाजूला केला. सौदा झाला.

परतताना आम्ही भडंग खाल्लं. सांगलीला गेलात तर तेही घ्या आणि सकाळचा बाजार चुकवू नका.

घरी आल्यावर साडी तीनदा धुतली, पण डाग गेला नाही. तीच नेसून हे लिहिते आहे. काल तानूचा निरोप आला: जमीन पुन्हा त्या पाचजणींनीच खंडानं केली. शिवाय पुढच्या साली दीर आपलीही हळद त्यांच्याच हळदीबरोबर गाडीत भरणार आहे.

“पर हात माजा जाणार,” असं तिनं त्याला बजावलंय.