कुंजराची भाजी, कुणाच्या रानातली

बदनापूरच्या रस्त्यावरच्या त्या हॉटेलात रानभाजी थाळी सुरू झाली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

तणनाशकाविरुद्ध मी तेव्हा गावोगाव पत्रकं वाटत होते. 'ज्याला तुम्ही तण म्हणता ते आमचं जेवण आहे', अशी त्यांची सुरुवात. हॉटेलवाल्यालाही मी तेच ऐकवलं. शहरातले लोक मोटारीनं येतात, पनीर खाऊन जातात, आणि आमच्या बाया बांधावरची भाजी लाज वाटल्यासारखी गुपचूप खातात. त्याला ते पटलं की त्यात धंदा दिसला, ठाऊक नाही. दर रविवारी थाळी ठेवायची आणि भाजी आमच्या वस्तीतल्या बायांकडून घ्यायची, असं ठरलं. ते काम शेजारच्या काकूंनी अंगावर घेतलं.

तिसऱ्या रविवारी मी आईला घेऊन गेले. तिचं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात खुरपण्यात गेलेलं. खुर्चीवर बसून तणात उगवणाऱ्या कुंजराची भाजी खायची, याचंच तिला हसू येत होतं. दारात टोपल्यांमध्ये कच्च्या भाज्या मांडल्या होत्या, लोक फोटो काढत होते. आईनं कुंजराचं एक पान उलटं केलं, पिवळी पडलेली कडा बोटानं चोळली आणि आत येऊन बसली. ताट आलं. चव अगदी घरची. मी जेवत होते आणि मनातल्या मनात पुढच्या पत्रकाची वाक्यं जुळवत होते. आईनं भाकरी मोडलीच नव्हती.

तिनं वाढप्याला विचारलं, "कुणाच्या रानातली हाये?"

"रानातलीच, मावशी. एकदम नॅचरल."

फवारणी वाढल्यापासून आमच्या वस्तीत कुणी रानभाजी दिली, की आधी हा प्रश्न असतो. त्याचा राग कुणी धरत नाही. देणारीनं बांध सांगायचा, मगच घेणारीनं पदर पुढे करायचा. मी यात वाढले. आणि माझ्या एकाही पत्रकात तो प्रश्न नव्हता. हॉटेलशी बोलणी करतानाही तो मला सुचला नव्हता.

मालक आला. त्यानं काकूंना फोन लावून आईच्या हातात दिला. बांधावरची पुरेना, थाळ्या वाढल्यात, म्हणून सडकेलगतच्या सोयाबीनमधून उपटून आणली, असं काकूंनी सांगितलं. त्याच सोयाबीनमध्ये बुधवारी आईनं पाठीवर पंप घेतलेला माणूस पाहिला होता.

आजूबाजूला कुटुंबंच्या कुटुंबं जेवत होती. मला पहिल्यांदा काय सुचलं? हे बाहेर गेलं तर लोक आपल्या पत्रकांवर हसतील. मी आईला हळूच म्हणाले की घरी जाऊन बोलू. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊ, ताटं उचला," ती मालकाला म्हणाली. "लेकरं खाऊन राह्यलीत."

त्यानं वेळ घेतला, पण उचलली, एवढं मान्य करते. गिऱ्हाइकांना काय सांगितलं माहीत नाही. मला सांगितलं, "ताई, पुढच्या रविवारी मेथी. ती कुठली, ते तुम्ही आडतीवर जाऊन विचारा."

काकूंचं काम गेलं. कितीतरी दिवस त्या आमच्या दारावरून मान वळवून जायच्या. आई म्हणायची, बिचारीला काय माहीत. पण काकूंना माहीत होतं, वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. स्वतःच्या चुलीसाठी जे विचारतो ते विकताना कुणी विचारलं नाही, आणि ते विचारायचं काम माझं होतं. मी हॉटेलवाल्याविरुद्ध पत्रक लिहायला बसले होते. जिथे त्याचं नाव यायला हवं, तिथे माझंच बसत होतं. फाडून टाकलं.

शेवटी एका सकाळी काकूंच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या पाथरीची भाजी निवडत होत्या.

"काय, पत्रक आणलंस का?"

नाही म्हणाले. चुकलं माझं, तेवढंच सांगायला आले होते. त्यांनी हातातली जुडी निवडून संपवली. मग एक मूठ माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला, थांबवला आणि विचारलं, कुणाच्या रानातली.

"आता इचारून राह्यली," काकू म्हणाल्या. मग त्यांनी बांध सांगितला.